इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाची पृष्ठप्रथिने व रोगाची तीव्रता

इन्फ्ल्यूएंझा (फ्ल्यू) हा श्वसनमार्गाचा संसर्गजन्य रोग ज्या व्हायरसांमुळे होतो, त्यांच्या बाह्य पृष्ठावरील प्रथिनांना पृष्ठप्रथिने म्हणतात. हीमॅग्लुटिनीन व न्यूरामिनिडेज ही यांपैकी दोन प्रमुख प्रथिने असून एम२ हे तिसरे प्रथिन अल्प प्रमाणात असते. व्हायरस शरीरातील कोणत्या कोशिकांना (सजीवांच्या शरीरातील सूक्ष्म घटकांना) चिकटेल, त्यांच्या आत शिरू शकेल की नाही, नवे व्हायरस किती सहजपणे बाहेर पडतील आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना ओळखेल की नाही, या चारही गोष्टी मुख्यतः या प्रथिनांवर अवलंबून असतात. त्यामुळे एकाच नावाचा हा रोग काही वर्षी तीन-चार दिवसांचा ताप व अंगदुखी एवढ्यावरच थांबतो, तर काही वेळा तरुण व धडधाकट माणसांचेही बळी घेतो. महाराष्ट्रात १९१८, २००६ व २००९ या वर्षी आलेल्या तीन साथींत हा फरक स्पष्टपणे दिसून आला.

रचना व वर्गीकरण : इन्फ्ल्यूएंझा व्हायरसाचे ए, बी, सी व डी असे चार प्रकार आहेत. मानवातील साथींच्या दृष्टीने ए व बी हे प्रकार महत्त्वाचे असून जागतिक साथी केवळ ए प्रकारामुळे उद्‌भवतात. सी प्रकारामुळे बहुधा सौम्य पडसे होते, तर डी प्रकार प्रामुख्याने गुरांत आढळतो. ए प्रकारच्या व्हायरसाचा कण बहुधा गोलसर असून त्याचा व्यास सु. ८० ते १२० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जावा भाग) असतो. त्याच्या गाभ्यात रिबोन्यूक्लिइक अम्लाचे (आरएनएचे) आठ स्वतंत्र खंड असतात. गाभ्याभोवती एका प्रथिनाचा थर व त्याबाहेर मेदाचे वेष्टन असते. हे वेष्टन व्हायरस स्वतः तयार करीत नाही. ज्या कोशिकेतून तो बाहेर पडतो, तिच्याच पटलाचा तुकडा तो अंगावर घेऊन येतो. मेदाच्या या वेष्टनामुळेच साध्या साबणाने व्हायरस निष्क्रिय होतो.

वेष्टनातून काट्यांप्रमाणे बाहेर आलेली प्रथिने म्हणजेच पृष्ठप्रथिने होत. हीमॅग्लुटिनिनाचा काटा तीन समान घटकांचा बनलेला असून त्याची उंची सु. १३ ते १४ नॅनोमीटर असते. त्याला गोलसर शीर्ष व लांबट दांडा असे दोन भाग असतात. न्यूरामिनिडेजाची रचना चार समान घटकांची असून आकार अळंबीसारखा असतो. सर्वसाधारणपणे चार-पाच हीमॅग्लुटिनीन काट्यांमागे एक न्यूरामिनिडेज असे प्रमाण आढळते. एम२ हे प्रथिन वेष्टनातून आरपार जाणाऱ्या सूक्ष्म नळीसारखे असते.

ए प्रकारच्या व्हायरसांचे उपप्रकार पहिल्या दोन प्रथिनांवरून ओळखले जातात. हीमॅग्लुटिनिनाचे एच१ ते एच१६ हे उपप्रकार पक्ष्यांत, विशेषतः पाणपक्ष्यांत, आढळतात. एच१७ व एच१८ वटवाघळांत आढळले आहेत. न्यूरामिनिडेजाचे एन१ ते एन११ असे उपप्रकार मानले जातात. एच१एन१, एच३एन२, एच५एन१ ही नावे या पद्धतीने पडलेली आहेत. उपप्रकाराचे नाव म्हणजे तीव्रतेचे माप मात्र नव्हे. १९१८ ची महाभयंकर साथ व दरवर्षी येणारा साधा फ्ल्यू हे दोन्ही एच१एन१ या उपप्रकाराचे असू शकतात. फरक त्याच प्रथिनातील बारीकसारीक तपशिलांत असतो.

इतिहास : आर. ई. शोप यांनी १९३१ मध्ये डुकरांतील इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस ओळखला. त्यानंतर १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, सी. एच. अँड्रूज व पी. पी. लेडलॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी फेरेट या प्राण्याच्या साहाय्याने मानवी व्हायरस अलग केला. १९४१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जी. के. हर्स्ट यांना, व्हायरस वाढविलेल्या कोंबडीच्या अंड्यातील द्रवात तांबड्या रक्तकोशिकांच्या गुठळ्या होतात, असे आढळले. रक्तकोशिका एकत्र आणणारे, या अर्थाने त्या प्रथिनास हीमॅग्लुटिनीन हे नाव मिळाले. काही वेळाने त्या गुठळ्या आपोआप सुटतात, हेही हर्स्ट यांच्या लक्षात आले. गुठळी सोडविणारा घटक म्हणजे न्यूरामिनिडेज हे एंझाइम (रासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) होते. आय. ए. विल्सन, जे. जे. स्केहेल व डी. सी. वायली यांनी १९८१ मध्ये हीमॅग्लुटिनिनाची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यूरामिनिडेजाची रचना निश्चित झाली. त्यानंतर या प्रथिनांचा व रोगाच्या तीव्रतेचा संबंध अणुपातळीवर अभ्यासता येऊ लागला.

कार्य : श्वसनमार्गातील कोशिकांच्या पृष्ठावर शर्करा-शृंखला असून त्यांच्या टोकाशी सायालिक अम्ल असते. हीमॅग्लुटिनिनाच्या शीर्षावरील खोबणी या अम्लाला चिकटते. यानंतर कोशिका व्हायरसाला एका सूक्ष्म पिशवीत ओढून घेते. पिशवीतील आम्लता वाढताच हीमॅग्लुटिनिनाचा दांडा स्प्रिंगप्रमाणे उलगडतो आणि व्हायरसाचे वेष्टन पिशवीच्या पटलाशी एकजीव होते. याच वेळी एम२ च्या नळीतून आम्लता आत शिरून गाभा मोकळा होतो व आरएनएचे खंड कोशिकेत उतरतात. काही तासांत कोशिकेत हजारो नवे व्हायरस तयार होतात. बाहेर पडताना मात्र ते त्याच सायालिक अम्लाला पुन्हा चिकटून अडकण्याचा संभव असतो. न्यूरामिनिडेज हे अम्ल छाटून टाकते व त्यांची सुटका करते. श्वसनमार्गातील श्लेष्म्यातही (चिकट स्रावातही) सायालिक अम्ल असते. त्यातून वाट काढण्यासही हे एंझाइम उपयोगी पडते. अशा रीतीने एक प्रथिन चिकटविण्याचे व दुसरे सोडविण्याचे काम करते. या दोन कार्यांत तोल असेल, तरच व्हायरस जोमाने वाढतो.

तीव्रता ठरविणारे घटक : (१) चिकटण्याचे स्थान : सायालिक अम्ल शेजारच्या शर्करेशी दोन प्रकारे जोडलेले असते. मानवाच्या नाक, घसा व श्वासनाल यांतील कोशिकांवर मुख्यतः ‘२-६’ प्रकारची जोडणी आढळते. पक्ष्यांच्या आतड्यात ‘२-३’ प्रकारची जोडणी असते. ही दुसरी जोडणी मानवातही असते, पण ती प्रामुख्याने फुफ्फुसाच्या खोल भागात, वायुकोशांच्या परिसरात असते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांवरून दिसून आले. याचे दोन परिणाम होतात. घशात चिकटणारा व्हायरस खोकल्या-शिंकांवाटे सहज पसरतो, पण रोग बहुधा सौम्य राहतो. खोलवर चिकटणारा व्हायरस सहज पसरत नाही, पण ज्याला होतो त्याला थेट फुफ्फुसशोथ (न्यूमोनिया) होतो. म्हणून प्रसार व तीव्रता या दोन गोष्टी नेहमी बरोबरीने वाढत नाहीत.

या खोबणीतील एखादेच ॲमिनो अम्ल बदलले, तरी चिकटण्याचे स्थान बदलू शकते. २००९ च्या साथीत नॉर्वेमध्ये काही रुग्णांत हीमॅग्लुटिनिनाच्या २२२ व्या स्थानी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी ग्लायसीन आढळले. हा बदल झालेला व्हायरस दोन्ही प्रकारच्या जोडण्यांना चिकटू शकत होता व गंभीर रुग्णांत तो अधिक प्रमाणात सापडला.

(२) प्रथिनाचा छेद : हीमॅग्लुटिनीन प्रथम एकसंध अवस्थेत तयार होते. एका ठरावीक जागी त्याचा छेद झाल्याशिवाय त्याचा दांडा उलगडू शकत नाही व व्हायरस संसर्गक्षम होत नाही. हा छेद शरीरातील प्रथिन-विघटक एंझाइमे करतात. साध्या मानवी व्हायरसाच्या छेदस्थानी आर्जिनीन हे एकच क्षारकीय ॲमिनो अम्ल असते. ते ओळखणारी एंझाइमे मुख्यतः श्वसनमार्गातच असल्यामुळे संसर्ग त्या मार्गापुरता मर्यादित राहतो. पक्ष्यांतील उग्र अशा एच५ व एच७ व्हायरसांत मात्र छेदस्थानी अनेक क्षारकीय ॲमिनो अम्ले ओळीने असतात. त्यांचा छेद फ्यूरीन हे एंझाइम करते आणि ते जवळजवळ सर्व प्रकारच्या कोशिकांत असते. त्यामुळे अशा व्हायरसाचा संसर्ग कोंबडीच्या मेंदू, हृदय, यकृत इ. सर्व अवयवांत पसरतो व एक-दोन दिवसांत खुराडेच्या खुराडे मरून पडते. ‘कोंबड्यांचा प्लेग’ म्हणून पूर्वी ओळखला जाणारा रोग हाच होय, हे १९५५ मध्ये सिद्ध झाले.

काही सूक्ष्मजंतूही असा छेद घडवून आणण्यास मदत करतात. फुफ्फुसात वाढणारे काही गोलाणू (स्टॅफिलोकॉकस) प्रथिन-विघटक एंझाइमे स्रवतात व त्यांमुळे हीमॅग्लुटिनिनाचा छेद होतो, असे १९८० नंतरच्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. उलटपक्षी न्यूरामिनिडेजाने सायालिक अम्ल छाटलेल्या जागी न्यूमोनियाचे सूक्ष्मजंतू अधिक सहजपणे चिकटतात. व्हायरस व सूक्ष्मजंतू हे अशा प्रकारे परस्परांचा मार्ग सुकर करतात.

(३) शर्करा-शृंखलांचे आवरण : हीमॅग्लुटिनिनाच्या शीर्षावर आश्रय कोशिकेकडून शर्करा-शृंखला जोडल्या जातात. मानवात दीर्घकाळ फिरणाऱ्या व्हायरसांत त्यांची संख्या वाढत जाते व त्यांच्या आड प्रतिपिंडांना (शरीरात निर्माण होणाऱ्या प्रतिकारक प्रथिनांना) प्रथिन सहज ओळखता येत नाही. परंतु याच शृंखला फुफ्फुसातील काही संरक्षक प्रथिनांना मात्र पकड देतात व असा व्हायरस फुफ्फुसातून लवकर निपटला जातो. १९१८ व २००९ या वर्षींच्या व्हायरसांच्या शीर्षावर अशा शृंखला थोड्याच होत्या. त्यामुळे फुफ्फुसातील संरक्षक प्रथिनांना ते व्हायरस सहजी दाद देत नाहीत.

(४) न्यूरामिनिडेजाची रचना : कोंबड्यांत रुळलेल्या अनेक एच५एन१ व्हायरसांत न्यूरामिनिडेजाचा देठ आखूड झालेला असतो व प्रयोगांत अशा व्हायरसांची कोंबड्यांतील उग्रता वाढलेली दिसते. १९१८ च्या व्हायरसाचे हीमॅग्लुटिनीन प्रयोगशाळेत बाहेरून छेदक एंझाइम न मिळताही कार्यक्षम होते व यास त्याच्याच न्यूरामिनिडेजाचे साहाय्य होते, असे आढळले आहे.

(५) पूर्वप्रतिकार : व्हायरसाचे प्रथिन तेच असले, तरी ते पूर्वी पाहिलेल्या शरीरात रोग सौम्य होतो. पृष्ठप्रथिनांत दरवर्षी थोडे थोडे बदल होतात. दोन भिन्न व्हायरसांचा एकाच कोशिकेत संसर्ग झाल्यास आरएनएच्या खंडांची अदलाबदल होऊन एकदम नव्या पृष्ठप्रथिनांचा व्हायरस निर्माण होऊ शकतो. अशा व्हायरसाविरुद्ध बहुसंख्य लोकांत प्रतिपिंड नसल्याने जागतिक साथ येते. १९५७ मध्ये एच२एन२ या उपप्रकारात दोन्ही प्रथिने नवी होती. १९६८ च्या एच३एन२ मध्ये हीमॅग्लुटिनीन नवे, पण न्यूरामिनिडेज १९५७ च्याच जातीचे होते. १९६८ ची साथ अनेक देशांत तुलनेने सौम्य ठरण्याचे हे एक कारण मानले जाते. १९७७ मध्ये एच१एन१ परत आला, तेव्हा त्याचा त्रास मुख्यतः सु. पंचवीस वर्षांखालील व्यक्तींना झाला. कारण त्याहून मोठ्या वयाच्या लोकांना ती प्रथिने परिचित होती.

महाराष्ट्रातील अनुभव : १९१८ ची साथ मुंबईत जून महिन्यात आली. १० जूनच्या सुमारास गोदीच्या परिसरातील पोलीस शिपायांत तापाचे पहिले रुग्ण आढळले. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेली दुसरी लाट अतिशय तीव्र होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबईपासून ही साथ रेल्वेमार्गांनी अंतर्भागात पोहोचली. मृतांत वीस ते चाळीस वयाच्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण मोठे होते. भारतातील एकूण मृत्यू सु. १·२ ते २ कोटी असावेत, असे वेगवेगळे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दशक दुसरे नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या याच काळात सु. १ कोटी ३४ लाखांवरून सु. १ कोटी २५ लाखांवर आली. आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळी या संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात होता. ही घट केवळ इन्फ्ल्यूएंझामुळे झाली, असे नाही. १९१८ साली पाऊसही अपुरा झाला होता, धान्य महागले होते व प्लेगचाही उपद्रव होता.

या व्हायरसाचा अभ्यास पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी शक्य झाला. अलास्कातील गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका मृत व्यक्तीच्या फुफ्फुसातून व जतन केलेल्या ऊतकांतून त्याच्या आरएनएचे तुकडे मिळवून २००५ मध्ये संपूर्ण जनुकीय क्रम प्रसिद्ध झाला व अमेरिकेत अतिसुरक्षित प्रयोगशाळेत व्हायरसाची पुनर्निर्मिती करण्यात आली. या व्हायरसामुळे उंदीर मरत. परंतु त्याचे केवळ हीमॅग्लुटिनीन काढून त्या जागी अलीकडच्या साध्या व्हायरसाचे घातले असता ते जगत. रोगाच्या तीव्रतेत या प्रथिनाचा वाटा किती मोठा आहे, हे यावरून स्पष्ट होते. मात्र त्याच्या छेदस्थानी क्षारकीय ॲमिनो अम्लांची रांग नव्हती. तो कोंबड्यांच्या प्लेगसारखा सर्वांगात पसरणारा नव्हता. १९१८ मधील ऊतकांच्या पुनर्तपासणीवरून बहुसंख्य मृत्यू नंतर जडलेल्या सूक्ष्मजंतुजन्य न्यूमोनियामुळे झाले, असे अनुमान काढण्यात आले आहे. प्रतिजैविक औषधे त्या वेळी उपलब्ध नव्हती.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कुक्कुटपालन केंद्रांतील कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत तपासणी होऊन एच५एन१ व्हायरसाचे निदान झाले. भारतातील या रोगाची ही पहिली साथ होती. परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. कोंबड्यांना इतका घातक असलेला हा व्हायरस नवापुरात एकाही माणसात आढळला नाही. त्याचे छेदस्थान अत्यंत अनुकूल, पण चिकटण्याची खोबणी पक्ष्यांच्या कोशिकांना जुळणारी असल्याने असा विरोधाभास दिसतो. तथापि ज्या थोड्या लोकांना जगात या व्हायरसाचा संसर्ग झाला, त्यांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे आहे. २००३ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदलेल्या नऊशेंहून अधिक रुग्णांपैकी सु. निम्मे दगावले. भारतातील पहिल्या मानवी रुग्णाचा, एका मुलाचा, जुलै २०२१ मध्ये दिल्ली येथे मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळील गोरेवाडा येथील तीन वाघ व एक बिबट्या याच व्हायरसाने मरण पावले.

याच्या उलट उदाहरण मेळघाटातील आहे. २०१९ मध्ये तेथील एका बालकात एच९एन२ हा पक्ष्यांतील व्हायरस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने ओळखला. भारतातील या उपप्रकाराचा हा पहिला नोंदलेला मानवी रुग्ण होय. एच९एन२ मध्ये एच५ सारखे फ्यूरीनला उघडे छेदस्थान नसते. ते बालक बरे झाले.

२००९ ची जागतिक साथ डुकरांतील व्हायरसांपासून निर्माण झालेल्या एच१एन१ मुळे आली व लोकांत ‘स्वाइन फ्ल्यू’ या नावाने ओळखली गेली. भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुणे येथे एका शाळकरी मुलीचा झाला. त्यानंतर पुण्यात शाळा व चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवण्यात आली. या व्हायरसाचे हीमॅग्लुटिनीन १९१८ च्या वंशातीलच, परंतु अनेक दशके डुकरांत राहिल्याने फारसे न बदललेले होते. त्यामुळे १९५७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांत त्याविरुद्ध काही प्रतिपिंड आढळले, तर तरुण व गर्भवती स्त्रिया यांना रोग अधिक तीव्र झाला. बहुसंख्य रुग्ण मात्र सौम्य आजारानंतर बरे झाले. पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने या व्हायरसाविरुद्ध नाकातून देण्याची लस २०१० मध्ये उपलब्ध केली.

२०१५ मध्ये भारतात याच एच१एन१ चे ४२,००० हून अधिक रुग्ण व सु. ३,००० मृत्यू नोंदले गेले. भारतातील व्हायरसाच्या हीमॅग्लुटिनिनात तीव्रता वाढविणारे बदल झाले असावेत, असे अमेरिकेतील दोन संशोधकांनी एका नमुन्याच्या नोंदीवरून सुचविले. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने अधिक नमुन्यांच्या आधारे व्हायरस २००९ च्या मूळ व्हायरसाशी मिळताजुळताच असल्याचे सांगितले. एखाद्या नमुन्यातील बदल व साथीची तीव्रता यांत कार्यकारणसंबंध जोडण्यापूर्वी अनेक रुग्णांचे नमुने व त्यांच्या आजाराच्या नोंदी एकत्र तपासाव्या लागतात, हे या वादावरून दिसून येते.

पृष्ठप्रथिनांखेरीज अन्य घटक : तीव्रता केवळ पृष्ठप्रथिनांवर ठरत नाही. आरएनएच्या प्रती तयार करणारी व्हायरसाची अंतर्गत एंझाइमे, प्रतिकारयंत्रणेला दडपणारी प्रथिने, रुग्णाचे वय, गर्भारपण, मधुमेह, दमा, हृदयविकार, कुपोषण व उपचारास झालेला विलंब यांचाही मोठा वाटा असतो. काही रुग्णांत प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रियाच अनावर होऊन फुफ्फुसात द्रव साचतो. आश्रय प्राण्यातील ग्राही स्थानांचेही महत्त्व आहे. मार्च २०२४ पासून अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ चा संसर्ग आढळला. गाईच्या कासेतील कोशिकांवर त्याला जुळणारे सायालिक अम्ल असल्याने व्हायरस श्वसनमार्गापेक्षा कासेत अधिक वाढला व कच्च्या दुधात उतरला. दूध तापविल्याने तो निष्क्रिय होतो.

औषधे व लस : झानामिव्हिर व ओसेल्टामिव्हिर ही औषधे न्यूरामिनिडेजाच्या खोबणीत बसून त्याचे कार्य थांबवितात; त्यामुळे नवे व्हायरस कोशिकेतून सुटू शकत नाहीत. संसर्गाच्या पहिल्या दोन दिवसांतच व्हायरसांची वाढ झपाट्याने होत असल्याने लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत औषध दिल्यास सर्वाधिक उपयोग होतो. न्यूरामिनिडेजातील २७५ व्या स्थानी हिस्टिडिनाऐवजी टायरोसीन आल्यास ओसेल्टामिव्हिर निष्प्रभ ठरते. असे व्हायरस २००७ ते २००९ या काळात अनेक देशांत पसरले होते. एम२ ची नळी बंद करणारे अमँटॅडीन हे जुने औषध आता बहुतेक व्हायरसांवर निरुपयोगी झाले आहे.

लसीमुळे मुख्यतः हीमॅग्लुटिनिनाच्या शीर्षाविरुद्ध प्रतिपिंड निर्माण होतात. शीर्ष सतत बदलत असल्याने जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतील घटकांची शिफारस करते. महाराष्ट्रात पावसाळ्यात व पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस रुग्ण वाढतात; म्हणून पावसाळ्यापूर्वी लस घेणे हितकर ठरते. लस घेऊनही संसर्ग होऊ शकतो, पण तो तीव्र होण्याचा धोका कमी होतो. तुलनेने स्थिर अशा दांड्याविरुद्ध परिणामकारक ठरणारी लस तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

हिंगोली जिल्हा : परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून सु. ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. पैनगंगेवरील इसापूर व पूर्णेवरील सिद्धेश्वर या धरणांचे जलाशय जिल्ह्यात आहेत. मराठवाड्यातील अशा जलाशयांवर हिवाळ्यात स्थलांतरित पाणपक्षी उतरतात, तर गावांत घरोघरी परसातील कोंबड्या मोकळ्या फिरतात. पाणपक्षी हे ए प्रकारच्या व्हायरसांचे नैसर्गिक आश्रयस्थान असल्यामुळे या दोहोंचा संपर्क टाळणे महत्त्वाचे ठरते. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा या गावी शेकडो कोंबड्या मरण पावल्या व तपासणीत पक्ष्यांतील इन्फ्ल्यूएंझाचे निदान झाले. तेथील एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट करण्यात आल्या.

अशा प्रसंगी गावपातळीवरील पहिली नोंद निर्णायक असते. कोंबड्या, कावळे वा पाणपक्षी एकाएकी मोठ्या संख्येने मेल्यास त्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता किंवा ओढ्या-नाल्यात न टाकता पशुसंवर्धन खात्याला ताबडतोब कळविणे आवश्यक असते. थंड पाण्यात हा व्हायरस बराच काळ टिकतो. पूर्णपणे शिजविलेले मांस व उकडलेली अंडी यांपासून धोका नसतो, सु. ७०° से. तापमानाला व्हायरस नष्ट होतो. मानवी रुग्णांत धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, रक्तमिश्रित थुंकी अथवा गुंगी ही लक्षणे दिसताच रुग्णालयात दाखल होणे इष्ट असते. तपासणीसाठी घशाचा स्राव थंड पेटीत ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. लक्षणे गंभीर असल्यास तपासणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता औषध सुरू केले जाते. हिंगोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे.

व्हायरसाचा उपप्रकार कोणता व त्याच्या प्रथिनांत कोणते बदल झाले, हे पुणे वा भोपाळ येथील प्रयोगशाळाच सांगू शकतात. तेथे पोहोचणारा नमुना मात्र खेड्यातील रुग्ण, शेतकरी, आरोग्यसेवक वा पशुवैद्य यांच्याकडूनच मिळत असतो. १९१८ मध्ये व्हायरस कोणता, हे साथ संपून गेल्यानंतरही कोणाला माहीत नव्हते. २००६ व २००९ मध्ये साथ चालू असतानाच ते कळले आणि त्यानुसार कोंबड्या नष्ट करणे, औषध देणे व लस तयार करणे शक्य झाले. पृष्ठप्रथिनांविषयीच्या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग मुख्यतः या वेळेवर होणाऱ्या निदानात आहे.